गुलछडीची झापडं

कर्जत स्टेशनाबाहेर उतरलेल्या माणसाला खलीलभाईंचा तबेला विचारावा लागत नसे. नाक असलं की पुरे. मुंबईचे पाहुणे रुमाल काढत. खलीलभाई म्हणत, "साहेब, वासाचं भाडं घेत नाय मी. बसा."

तबेला त्यांच्या वडिलांनी घातलेला. डॉक्टर रोगी पाहायला, नवरदेव लग्नाला आणि भांडलेले भाऊ एकमेकांविरुद्ध साक्ष द्यायला खालापूरच्या कचेरीत जात, ते इथल्याच टांग्यातून. भाऊ जाताना दोन टांगे करत, परतताना क्वचित एकच. एक भाडं बुडालं तरी खलीलभाईंना त्या एका टांग्याचा आनंद वाटे.

मग रिक्षा आल्या. घोडे एकेक करून गेले आणि तबेल्यात उरली एकटी गुलछडी. नाव फुलाचं, मिजास मामलेदाराची. डोळ्यांना झापडं लावली की समोरचा रस्ता तेवढा तिचा, बाजूनं एस.टी. जावो की बँड वाजो, ती मान वळवायची नाही. झापडांशिवाय तिला रस्त्यावर कुणी पाहिलंच नव्हतं.

"अब्बा, ती आपल्या तिघांपेक्षा जास्त खाते," मुलगा झहीर म्हणायचा. त्याला त्या जागेत रिक्षा लावायची होती.

"तुझ्यापेक्षा कामबी जास्त करते."

पण तिला विकायला हवं, हे खलीलभाईंनाही कळत होतं. भीती एकच होती, म्हातारपणी ती वीटभट्टीच्या गाडीला जुंपली जाईल. म्हणून आलेली गिऱ्हाइकं ते परत पाठवत. शेवटी नेरळचा मालोजी आला. माथेरानला पाहुण्यांना घोड्यावर बसवून फिरवणारा.

"वर मोटार नाय, हॉर्न नाय," मालोजी म्हणाला. "गार हवा खाईल तुमची बाय."

खलीलभाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांच्या बायकोनं, हवाबीनं, घोडीच्या कपाळाला हात लावून तो आपल्या कपाळाला लावला आणि ती घरात गेली.

जनावर विकताना त्याचं दावं देत नाहीत. दाव्याबरोबर घरची बरकत जाते. ही रीत खलीलभाईंच्या वडिलांनी शेजारच्या भातवाल्या शेतकऱ्यांकडून उचलली होती, आणि उसनी रीत माणूस जरा जास्तच पाळतो. खलीलभाईंनी दावं काढलं, लगाम काढला, झापडंही काढली.

"झापडं तरी ऱ्हाऊ द्या," मालोजी म्हणाला. "नवी वाट हाय तिला."

"घरचं सामान घरातच ऱ्हातं, मालोजी. आमच्यात असंच हाय."

मालोजीनं आपली दोरी बांधली. गुलछडी वळून न बघता गेली. खलीलभाई हसत म्हणाले, "बघा, मिजास!" हसू त्यांच्या तोंडावर बराच वेळ तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालोजी एकटाच आला. ओट्यावर बसला, पाणी प्याला नाही.

"भाई, घाटात वळणावर तिला बाजूची दरी दिसली. उभीच ऱ्हायली दोन पायांवर. मी दोरी सोडली नाय, हाताची साल गेली बघा. पण घसरली."

"गेली?"

"हो."

"तू मागितली होतीस झापडं."

"आता कशाला त्ये, भाई."

झहीर रिक्षा आणतो म्हणाला. खलीलभाई ऐकत नव्हते. ते नेरळच्या दिशेनं चालूच लागले. भिसेगाव मागं पडल्यावर झहीरनं त्यांना गाठलं, हाताला धरून रिक्षात मालोजीशेजारी बसवलं. नेरळपर्यंत रिक्षा. पुढं पायवाट. आयुष्यभर सपाट रस्त्यावर टांगा हाकलेला माणूस धापा टाकत चढत होता.

वळणावर मालोजी थांबला. गवत एका बाजूला चिरडलेलं होतं, मातीत नाल घासल्याची लांब रेघ होती. खलीलभाई काठाशी गेले आणि त्यांनी खाली पाहिलं. खोल, पार खोल, आणि हिरवं. ते तिथंच मटकन खाली बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी गवत धरलं.

"धर रं मला, मालोजी," ते म्हणाले. "लय भ्या वाटतं."