सेनापती पडलो

हेवा वाटला असं लिहिलं की ते फार सभ्य दिसतं. माझं सरळ पोट दुखलं होतं, आणि ते चांगलं वर्षभर दुखत राहिलं.

गोवा मोकळा झाला, त्याच्या आधीच्या वैशाखात मुंबईची एक सिनेमा कंपनी रेडीच्या किनाऱ्यावर उतरली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका बंदराची गोष्ट होती. सातवाहन राजा, समुद्रापलीकडून आलेले यवन, मधे एक राजकन्या आणि शेवटी पाण्यावरची लढाई. पंधरा दिवसांत त्यांनी वाळूवर देऊळ उभारलं, बांबू आणि गोणपाटावर प्लॅस्टर चढवून हत्तीच्या पायाएवढे खांब केले आणि आमच्या मासेमारीच्या होड्यांना लाकडी सिंहाची तोंडं बसवून त्यांची गलबतं केली. हद्दीपलीकडे तेरेखोलच्या किल्ल्यावर पोर्तुगीज शिपाई उभे असत. हे दोन हजार वर्षं उशिरा कोण लढायला आलं, असंच त्यांना वाटलं असेल.

कंपनीला माणसं हवी होती, आणि वेषाला सरावलेली माणसं म्हणजे आम्ही दशावतारी. जत्रा संपल्या होत्या, पावसाला अजून अवकाश होता, सगळे मोकळेच होते. आमच्या कंपनीत मी राजपार्टी, म्हणजे राजाचा वेष माझा. मी गादीवर बसून बोलू लागलो की देवळाच्या शेवटच्या पायरीवरच्या माणसालाही शब्द न् शब्द ऐकू जायचा, तोही शुद्ध मराठीत. माझा सोबती राक्षस व्हायचा. शेजारी घर, एकाच वयाचे, माझी आई लहानपणीच गेल्यामुळे मी निम्मा त्याच्याच घरी जेवलेला. त्याचं काम म्हणजे आरोळी ठोकायची, तलवार फिरवायची आणि मालवणीत दोन विनोद करून मरायचं. पंधरा वर्षं मी त्याला मारत आलो होतो.

डायरेक्टरने आम्हां सगळ्यांना उन्हात रांगेत उभं केलं. मी दोन पावलं पुढे होऊन राजाचं एक भाषण म्हटलं. त्याने मान हलवली, म्हणाला, "आवाज छान आहे हो." मग माझ्या तोंडावरचे देवीचे व्रण बघितले आणि पुढे सरकला. जत्रेत गॅसबत्तीच्या उजेडात आणि रंगाच्या लेपाखाली ते कुणाला कधी दिसले नव्हते. सोबत्यापुढे मात्र तो थांबला. त्याची हनुवटी धरून तोंड डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं आणि कॅमेरावाल्याला ओरडून म्हणाला, "हा बघा प्राचीन चेहरा!"

त्या दिवसापासून गावात त्याचं नावच 'प्राचीन' पडलं. "काय रे प्राचीन, च्या घेतलंस?" असं लोक विचारायचे आणि तो लाजून हसायचा. मी हसत नव्हतो. ते नाक त्याला बापाकडून फुकट मिळालेलं. माझा आवाज मी पहाटे खाडीत गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहून कमावला होता.

मला भाला घेऊन अठराव्या रांगेत उभं केलं. त्याला काम मिळालं दूताचं. जळत्या होड्यांसमोरून धावत यायचं, राजापुढे गुडघे टेकायचे आणि म्हणायचं, "महाराज, सेनापती पडला! गलबतं पेटली!" पुरते सहा शब्दही नव्हते. पण गावाकडच्या माणसाला बोलायला मिळालेलं तेवढं एकच वाक्य होतं.

आता दशावतारात लिहिलेलं काही नसतं. कथा ठाऊक असते, बोलणं ज्याचं त्याने आयत्या वेळी करायचं. तेव्हा नेमलेलंच बोलायचं, एक शब्द जास्त नाही, हे त्याला काही जमेना. तो सेनापती कसा पडला, कुणी पाडला, पाडणाऱ्याची आवस, म्हणजे आई, कोण, सगळं सांगत सुटायचा. शेवटी डायरेक्टरने मला बोलावलं. "तुम्ही शुद्ध बोलता. याच्याकडून एवढं पाठ करून घ्या."

म्हणजे माझ्या घासातलं काढून त्याला दिलं, आणि वर भरवायचंही मीच.

संध्याकाळभर यशवंतगडाच्या तटाखाली बसून मी त्याच्याकडून घोटून घेतलं. जास्तीचं सगळं गळलं. मग तो उभा राहिला आणि म्हणाला, "महाराज, सेनापती पडलो! गलबतां पेटली!"

आमच्या बोलीत हे बिनचूक आहे. तो इलो, तो गेलो, तो पडलो. पण मुंबई-पुण्याच्या मराठीत 'पडलो' म्हणजे मी पडलो. राजाला हे ठाऊक असावं लागतं. जन्मभर राक्षस झालेल्याला कुठून ठाऊक असणार?

त्याने विचारलं, "बरोबर मा रे?"

मी ऐकलं होतं. स्पष्ट ऐकलं होतं. त्याच्या त्या प्राचीन चेहऱ्याकडे बघून म्हणालो, "एकदम बरोबर."

माझा हिशेब सोपा होता. उद्या तो आपटला की डायरेक्टर म्हणणार, त्या दुसऱ्याला बोलवा.

दुसऱ्या दिवशी दोन जुन्या होड्यांत पेंढा भरून त्या पेटवल्या. त्या जळत होत्या तेवढ्यातच काय ते उरकायचं होतं. तो धावला. काय धावला! मला तेव्हाच कळलं की हे आपल्याच्याने झालं नसतं. खरंच कुणीतरी मेल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं. तो वाळूवर गुडघ्यांवर कोसळला आणि ओरडला, "महाराज, सेनापती पडलो! गलबतां पेटली!"

गादीवरचा राजाच आधी हसला. मग सगळी कंपनी. डायरेक्टरने कपाळाला हात लावला. "अरे बाबा, तूच सेनापती, तूच पडलास, आणि सांगायलाही तूच आलास?" सोबत्याला काय चुकलं तेच कळेना. तो माझ्याकडे बघत राहिला. मी भाल्याचं टोक न्याहाळत होतो. तोवर होड्या जळून पाण्याला टेकल्या होत्या.

मग डायरेक्टर मला बाजूला घेऊन गेला. तो म्हणाला, "चेहरा असा पुन्हा मिळणार नाही. चित्र तेच ठेवतो. ओठ जवळजवळ जुळतात. आवाज तेवढा तुमचा घालू."

समुद्राच्या गाजेपासून लांब म्हणून शिरोड्याजवळच्या एका गोदामात मला नेलं. चहूकडे काजूच्या गोण्या रचलेल्या, त्यामुळे आवाज घुमत नव्हता. त्या कोंदट वासात, मशीनपुढे उभा राहून मी ते वाक्य म्हटलं. सोबत्याला एवढंच सांगण्यात आलं की आवाज मशीनवर साफ करतील. मीही त्याला काही सांगितलं नाही. म्हटलं, कशाला सांगायचं? लोक ऐकतील तेव्हा ओळखतीलच.

पुढच्या वर्षी सिनेमा वेंगुर्ल्याला लागला. गावातून झुंडीच्या झुंडी गेल्या. तो पडद्यावर धावत आला की थेटरात शिट्ट्यांनी कान बसायचे. बाहेर आल्यावर लोक त्याच्या पाठीवर थाप मारायचे, "काय आवाज लागलो रे तुझो!" आणि तो खुळा खरंच मानायचा. पंधरा वर्षं ज्यांनी मला ऐकलं, त्यांतल्या एकालाही माझा आवाज ओळखता आला नाही. लोक ऐकत नाहीत, बघतात. मी चार वेळा तो सिनेमा पाहिला. दर वेळी कुणीतरी मान वळवून माझ्याकडे बघेल म्हणून पडद्याऐवजी मी माणसांचीच तोंडं बघत बसायचो.

पाचव्यांदा आम्ही त्याच्या आवशीला नेलं. मोतीबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेले होते. पण आपला लेक, आपला झील, सिनेमात बोलतो, ते ऐकायचंच, म्हणून तिने हट्ट धरला. दुपारच्या खेळाला आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना बसलो. ती पदर कानामागे सारून बसून राहिली. शिट्ट्या झाल्या, खेळ संपला, एसटीने परत आलो. फाट्यावर उतरून काजूंच्या झाडांमधून घराकडे चालताना ती थांबली.

"माझो झील खंय बोललो रे?" तिने विचारलं. मला विचारलं, त्याला नाही. "कानात जीव आणून बसलंय मी. माका तुझोच तेवढो आवाज आयकाक इलो."

वर्षभर मी ज्या वाक्याची वाट बघितली होती, ते हेच. जगात एक माणूस असा निघाला, की त्याच्या लेखी त्या सिनेमात मी होतो आणि सोबती नव्हता. आणि तो माणूस म्हणजे ही म्हातारी निघाली, जिच्या हातची पेज पिऊन माझा हा आवाज फुटला होता.

सोबती माझ्याकडे वळला. "तुझो आवाज?"

मी मान हलवली.

त्याला सगळं हळूहळूच कळायचं, पण कळायचं. "मगे त्या दिवशी गडाखाली 'बरोबर' कित्याक म्हटलंस?"

त्याने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. पंधरा वर्षांचं उसनं फिटलं असतं. त्याने हातातली पिशवी खाली ठेवली आणि आल्या वाटेने मागे पळत सुटला. मला वाटलं, रागाने निघून गेला. वळणापाशी तो थांबला, फिरला आणि तिथून धावत आला, अगदी तसाच, वाळूवरून आला होता तसा. आईच्या पायांशी गुडघ्यांवर कोसळून तो ओरडला, "महाराज, सेनापती पडलो! गलबतां पेटली!"

ती मनापासून हसली. चाचपत त्याचं डोकं शोधलं, ते नाक, ती हनुवटी हाताने बघितली. "हां," म्हणाली, "आता बोललो माझो झील."

खरं सांगतो, भर थेटरात शिट्ट्या वाजत असताना मी त्याच्यावर इतका जळलो नव्हतो.

ती मग माझ्या दिशेने तोंड करून म्हणाली, "तूय म्हण बगू एकदा."

मी म्हटलं. गोदामात म्हटलं होतं तसंच म्हटलं, एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही.

तिने नीट ऐकून घेतलं. "बरां आसा," म्हणाली, आणि झिलाचा हात धरून चालू लागली.