आठशे मीटरवरचा आवाज

शामकांत कर्णिकांचा राग सिंगापुरातल्या चोआ चू कांगमधल्या त्यांच्या अख्ख्या ब्लॉकला माहीत होता. खाण्याच्या स्टॉलांनी भरलेल्या हॉकर सेंटरमध्ये मोबाइलवर मोठ्यानं व्हिडिओ लावून जेवणारा कुणी दिसला की ते ताट सोडून उठत आणि त्याला झापून येत. "पप्पा, रिलॅक्स ला, सगळे बघतायत," असं त्यांची मुलगी किमया सिंगापुरी वळणानं म्हणाली की उरलेला राग तिच्यावर निघे. त्यांची बायको चित्रा तोवर त्यांच्या ताटातला मासा निवांत संपवायला घेई. बरोबरच करत होती. चिडक्या माणसाशी संसार करायचा तर काहीतरी पदरात पडायला नको का?

कान मात्र देवानं त्यांना सढळ हातानं दिले होते. उभं आयुष्य त्यांनी आवाजाचं काम केलं, आधी अंधेरीच्या डबिंग स्टुडिओंत आणि मग सिंगापुरात रुचिर आगाशेच्या छोट्याशा कंपनीत. रुचिर पुण्याचा, वयानं त्यांच्या निम्मा आणि बोलायला साखरेसारखा. शामकांतांचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे तिथं राहून काम करायचा परवाना, त्याच्या कंपनीवर होता आणि किमयाचं कॉलेजचं शेवटचं वर्ष चालू होतं, त्यामुळे ऑफिसात ते निम्मा राग गिळत.

कंपनीचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे अमेरिकेतले बंदुकीच्या गोळ्या बनवणारे लोक. कोलोरॅडोच्या डोंगरांत त्यांचे पाहुणे एल्कची शिकार करत. एल्क हे हरणाच्याच जातीतलं, पण घोड्याएवढं जनावर. लांबच्या लांबून नेम धरायचा, कॅमेऱ्यानं टिपायचा, आणि त्यातून गोळीची जाहिरात करायची. तिकडे रात्र झाली की फायली इकडे येत आणि ती मंडळी झोपलेली असताना शामकांत आवाज साफ करून ठेवत. शिकारीबद्दल त्यांची तक्रार नव्हती. रविवारी मटण नसलं तर घर डोक्यावर घेणारा माणूस कोणत्या तोंडानं तक्रार करणार? मारायचं तर नीट मारा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

नीट म्हणजे काय, हे ते वेसकडून शिकले होते. वेस हा पाहुण्यांना डोंगरात नेणारा वाटाड्या, आणि मोठा बडबड्या. गोळी खांद्यामागे, फुप्फुसांत बसली तर जनावर थोड्या पावलांत कोसळतं. आत शिरल्यावर ती फुलायला, म्हणजे टोकाशी पसरायला हवी, आणि फुलायला वेग हवा. फार लांबून झाडली तर वाटेतच वेग सरतो आणि ती न फुलता दाभणासारखी आरपार जाते. वारा तिला किती ढकलेल, तेवढ्यात जनावर पाऊल टाकेल का, त्याचा भरवसा नाही तो नाहीच. वेस हे सगळं कॅमेऱ्यासमोर पोटतिडकीनं सांगे, आणि कंपनीवाले फिल्ममधून नेमकं तेवढंच कापायला लावत.

त्या दिवशी आलेल्या फाइलीत वेस नव्हता, तो दुसऱ्या टोळीबरोबर गेला होता. एका पाहुण्यानं आठशे मीटरवरून, दरीपलीकडच्या एल्कच्या मादीवर गोळी झाडली. मादी दचकली, थोडी चालली आणि झाडीत शिरली. "मिस," पाहुणा म्हणाला. "क्लीन मिस." सगळे हसले, सामान आवरलं आणि निघाले. पलीकडे जाऊन बघायची तसदी एकानंही घेतली नाही.

शामकांतांनी ती जागा परत लावली. मग परत. बार उडाल्यानंतर, इतक्या लांबून यायला लागतो तेवढ्या उशिरानं, वाऱ्याखाली एक आवाज होता. गोळी दगडावर आपटली की टणकन वाजते, मातीत घुसली की बसका आवाज येतो. हा आवाज ओला होता, पाण्यानं भरलेल्या पिशवीवर थाप मारावी तसा. असे बार त्यांनी इतके ऐकले होते की शंकेला जागाच नव्हती. गोळी पोटात लागली होती.

म्हणजे ते मुकं जनावर फाटलेलं पोट घेऊन या क्षणाला त्या झाडीत बसलं होतं, आणि ज्यानं ते फाडलं तो जेवून झोपायच्या तयारीत होता! पोटात लागलेलं जनावर लवकर मरत नाही. मरत राहतं. शामकांतांच्या डोक्यात तिडीक गेली.

"रुचिर, हे ऐक."

रुचिरनं ऐकलं. "वारा आहे, काका."

"वारा? तुला हा वारा वाटतो?"

"बरं, लागली असेल. आपण आवाज साफ करायचा. क्लायंटला थेट फोन करायचा नाही, काँट्रॅक्टमध्येच आहे. आणि लागली नाही असं ते स्वतः म्हणतायत ना?"

"ते बहिरे आहेत म्हणून तिचं पोट दुखायचं थांबतं का रे?"

"काका, प्लीज. हे गिऱ्हाईक गेलं तर तुमचा पास मी कशाच्या जोरावर रिन्यू करायचा?"

हे त्यानं अगदी साखरेसारखंच विचारलं. शामकांत लिफ्टनं खाली गेले आणि माल उतरवायच्या धक्क्यावर उभं राहून त्यांनी वेसला फोन लावला. वाऱ्याच्या खरखरीबद्दल विचारायला त्यानं एकदा स्वतःच फोन केला होता, म्हणून नंबर होता.

"पोट? नक्की?" वेसची झोप उडाली.

"आवाज पाठवतो. हेडफोन लावून ऐक."

ऐकून वेसनं पाहुण्याच्या नावानं एक कचकचीत शिवी हासडली. "आत्ता अंधारात गेलो तर ती आणखी लांब पळेल. उजाडलं की जातो. शब्द देतो."

कोलोरॅडोत उजाडतं तेव्हा सिंगापुरात संध्याकाळची जेवणं होतात. शामकांतांच्या पुढ्यातला भात गार झाला.

"अहो, तुम्ही ते जनावर धड पाहिलंय तरी का?" चित्रानं विचारलं.

"ऐकलंय," ते म्हणाले.

तेवढ्यात वेसचा निरोप आला. मादी झाडीत सापडली होती, जिवंत. त्यानं जवळून एक गोळी घालून तिला सोडवलं होतं. कालची गोळी फुललीच नव्हती. एवढंसं भोक आत, एवढंसंच बाहेर. खाली लिहिलं होतं, थँक यू, शाम. शामकांतांनी तो गार भात कालवला आणि सगळा संपवला.

दुसऱ्या दिवशी रुचिर चिडलेला असेल, अशा तयारीनं ते ऑफिसात गेले. रुचिर तर फुलून आला होता.

"काका, क्लायंट तुमच्यावर जाम खूश आहे! तुम्ही फोन केला नसता तर त्यांची एल्क गेलीच होती. आता फिल्म होतेय. कालचा बार, एल्क झाडीत जाते, कट, आणि थेट पडलेली एल्क. 'आठशे मीटर. एकच गोळी.' मधलं सगळं काढायचं. फक्त गोळी लागल्याचा आवाज बदला, फुप्फुसांचा लावा."

"आणि वेसची गोळी?"

"ती कुठे दिसतेय?"

"अरे, त्यांची गोळी फुलली नाही! रात्रभर तडफडली ती! हे बघून उद्या शंभर गाढवं आठशे मीटरवरून बार काढतील, आणि 'मिस' म्हणून घरी जातील. निर्लज्ज आहात तुम्ही लोक. माझ्या हातून हे होणार नाही."

"ठीक आहे," रुचिर म्हणाला. "मी करतो."

तो त्यांच्याच खुर्चीत बसला. शामकांत मागे हाताची घडी घालून उभे राहिले. जावं की न जावं, ते ठरेना. रुचिरनं तयार आवाजांतून एक फुप्फुसांचा उचलला, पोटाच्या जागी ठेवला आणि वाजवून पाहिला. तो अगदीच खोटा वाटत होता. त्यानं परत वाजवला. तरी तसाच.

"फार कोरडा आहे," शामकांत म्हणाले. "मोकळी दरी आहे ती. थोडा घुमारा दे. आणि वाऱ्याच्या खाली दाब, वर नको."

रुचिरनं घुमारा दिला, आवाज खाली दाबला आणि वाजवला. आता तो आवाज त्या डोंगरातलाच होता. वेसनंसुद्धा शपथेवर खरा मानला असता.

"काढ ते," शामकांत एकदम ओरडले. "रुचिर, काढ!"

"कशाला? मस्त बसलाय, काका," रुचिर म्हणाला आणि त्यानं फाइल पाठवून दिली.

आयुष्यभर ते जगावर चिडत आले होते, आणि प्रत्येक वेळी समोर झापायला कुणीतरी असे. आज ते काचेच्या त्या खोलीत लालबुंद होऊन उभे होते, आणि झापण्याच्या लायकीचा माणूस एकच होता, समोरच्या काचेत दिसणारा.