वाळूची पोती पेललेला पंख

दादाने धडधाकट पंख करवतीने कापला, त्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवते.

दादा माझा थोरला भाऊ. कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झाला आणि लोणी काळभोरला उसाच्या कडेची पत्र्याची शेड भाड्याने घेऊन लाकडी विमान बांधायला बसला. दोन माणसांचं. परवानग्यांसाठी कचेऱ्यांत खेटे तोच घालायचा. दुसरी सीट माझी, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

माझं भवानी पेठेत प्लायवूडचं दुकान आहे. नवरा गेल्यावर मी ते एकटीने उभं केलं. विमानाचं लाकूड बाहेरून आलं, पण ते चिकटवायचा गोंद माझा होता. रेझिन आणि हार्डनर, दोन डब्यांतलं एकत्र कालवून लावायचं. भाव पाडताना कंपनीच्या विक्रेत्याला घाम फोडून मी तो माल घेतला होता आणि दुकानाच्या पोटमाळ्यावर, पत्र्याखाली ठेवला होता.

दादाची एक पद्धत होती. गोंद कालवला की त्याच वाटीतल्या गोंदाने लाकडाचे दोन छोटे तुकडेही चिकटवायचे. पुरते सुकले की व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळून हातोड्याने तोडायचे. लाकूड फाटलं तर गोंद पास. लाकूड शाबूत राहून सांधाच सुटला तर नापास.

उजवा पंख तयार झाला तेव्हा मी कौतुकाने बघायला गेले. दादा दारातल्या उजेडात असा एक तुटलेला तुकडा धरून बसला होता. अर्ध्या भागात लाकडाचे तंतू उपटलेले, उरलेला अर्धा काचेसारखा गुळगुळीत.

"डबे उन्हात होते का गं?"

"माझ्या दुकानात सगळंच उन्हात असतं. मीसुद्धा."

"हा पंख चालायचा नाही."

माझं डोकं फिरलं. "किती वजन पेलायला हवंय त्याने?"

"उडताना जास्तीत जास्त जेवढं येईल, त्याच्या दीडपट."

"मग झालं तर! दीडपट काय खरंच लागतं? मागणारा चढवूनच मागतो. सव्वापटीवर सौदा तोडून टाक."

"आणि समोर घासाघीस करायला कोण बसलंय? वारा?" दादाने तुकडा खाली ठेवला. "दीडपटीतला तो वरचा अर्धा मला जे कळत नाही त्याच्यासाठी आहे. लाकडातली न दिसलेली गाठ, वाऱ्याचा धक्का, माझा म्हातारा हात. त्यात तुझा गोंदही बसवला तर बाकीच्यांनी जायचं कुठे?"

"म्हणजे माझा माल वाईट."

"असं मी म्हटलं का?"

"आपल्या घरात कोणी म्हणत नाही. नुसतं सुचवतात."

मग मीच हट्ट धरला, पोती घालून बघू. उडताना भार खालून येतो, म्हणून पंख उलटा करून घट्ट बांधला आणि दीडपट वजन भरेपर्यंत त्यावर वाळूची पोती रचली. शेडचे मालक पोती उचलायला आले होते. "ताई, मोडलं तर माझ्या नावानं बोंब नको," ते आधीच म्हणाले. पंख वाकला, करकरला, पण मोडला नाही.

"हाय की दणकट!" मालक म्हणाले. मी टाळ्या पिटल्या.

दादाने एकेक पोतं उतरवलं आणि करवत घेतली.

"अरे, पास झाला ना तो!"

"आज झाला. चार उन्हाळे काढल्यावर आतून सांधा किती सुटलाय, हे मला वर कोण सांगणार? आणि शेजारी तू बसलेली असणार."

"मी नाही बसत. नवीन गोंदवाल्याला बसव," म्हणून मी पर्स उचलली. कापलेल्या पंखाचा, सांध्यासकट एक तुकडा दाराशी पडला होता, तोही उचलला. पुरावा म्हणून.

नवा पंख दुसऱ्या दुकानाच्या गोंदाने झाला, दादाच्या सावकाश हाताने. मी भाऊबीजेला ओवाळून यायचे. विमानाचा विषय दोघंही काढत नव्हतो. पंख पुरा होईतो दादाच्या डोळ्यांचा पडदा बिघडला आणि डॉक्टरांनी उडायला साफ मनाई केली. विमान आज वॉर्निश लावून शेडमध्ये उभं आहे. मालक पंखाखाली ठिबकच्या नळ्यांची वेटोळी ठेवतात.

"तो पंख ठेवला असतास तर डोळे होते तोवर उडला असतास," हे मी त्याला एकदा तोंडावर सांगितलं.

"उडलो असतो," तो म्हणाला. "उतरण्याचं सांगता येत नाही."

तो तुकडा मी पोटमाळ्यावर, त्याच पत्र्याखाली ठेवला. कितीतरी उन्हाळे त्याने तिथे काढले. एकदा व्हाइसमध्ये धरून हातोडाही उचलला होता. लाकूड फाटलं असतं तर माझा माल खरा ठरला असता, आणि दादाचं उडणं विनाकारण हुकलं, असं झालं असतं. सांधा सुटला असता तर मी इतकी वर्षं कशाच्या जोरावर रागावले होते? मी व्हाइस सैल केला.

परवा दादा दुकानात आला. पोटमाळ्यावरून खाली आणलेला तो तुकडा काउंटरवर होता. त्याला दिसला नाही, हाताला लागला. अंगठा सांध्यावरून फिरवत त्याने विचारलं, "तोडून बघितलास?"

"नाही."

"बरं केलंस," म्हणाला, आणि तुकडा हातात धरून चहा येईपर्यंत तसाच बसून राहिला.