कोंडामावशीचं बियाणं

पेरणीआधी केदारखेड्यातल्या बहुतेकांचं बी कोंडामावशीच्या दाताखालून जाई. चिमूटभर ज्वारी तोंडात टाकायची, डोळे मिटून एक दाणा फोडायचा आणि निकाल द्यायचा, "हे जागं हाय," नाहीतर "हे निजलंय, भाकरी करून खा." त्यावर अपील नाही.

मी तेव्हा हैदराबादला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी प्रोफेसरांनी काम लावून दिलं होतं, ज्वारीच्या काणीचं. कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरते तो हा बुरशीचा रोग. सगळ्या बियाण्याला काणी चोळायची, निम्मं मोरचुदाच्या निळ्या पाण्यात धुवायचं, निम्मं तसंच पेरायचं आणि दसऱ्याला दोन्हीकडची रोगट कणसं मोजायची. अहवाल जमला तर पुढच्या शिक्षणासाठी शिफारस मिळणार होती.

मावशीने आपल्या वावरातल्या सहा ओळी मला दिल्या. मी काणी चोळायला बसलो तेव्हा मात्र तिचा चेहरा उतरला. "लेकरा, हातानं रोग लावून राह्यलास?"

"त्याशिवाय औषधाचा गुण कसा कळणार, मावशी?"

"बराबर," एवढंच म्हणून ती उठली. तिचं 'बराबर' म्हणजे होकार नव्हे, हे मला कळायला हवं होतं. पाऊस लांबला, कॉलेज उघडलं, आणि बियाण्याच्या दोन पुरचुंड्या तिच्या हवाली करून मी गेलो.

दसऱ्याला येऊन पाहतो तर सहाही ओळी स्वच्छ! औषधाला काणी सापडेना.

"दोन्ही धुतलं," मावशीने सरळ सांगून टाकलं. "रोगी बी भुईला कसं देऊ? मंग म्हनलं, गावानं काय पाप केलं? भोकरदनहून मोरचूद आनला अन् समद्यांचं धुऊन काढलं."

माझ्याआधी अख्ख्या गावाचा माझ्या औषधावर विश्वास बसला होता आणि मी कपाळाला हात लावून उभा होतो. मी तिला वाटेल ते बोललो. 'अडाणी'ही म्हणालो. त्याची आजही लाज वाटते.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "न धुतलेलं एक वावर हाय. चल."

ते तिच्या दिराचं होतं. बांधावरून भांडण झाल्यापासून सात वर्षं दोघांत बोलणं नव्हतं, म्हणून त्याचं बी तिच्याकडे आलंच नव्हतं. पीक काणीने काळं झालं होतं. मावशी बांधाशी थांबली, पदर सावरला. "भाऊजी, पोराचं काम अडलंय. तुमची कणसं मोजू द्या."

दिराने बांधावरची काटेरी फांदी बाजूला ओढली. "बाहेर काहून उभ्या, वयनी? या की."

दिवसभर आम्ही तिघांनी कणसं मोजली. अहवालात मी घोळासकट सगळं खरं लिहिलं. शिफारस मिळाली.

पुढच्या उन्हाळ्यात माफी मागायची म्हणून तिच्याकडे गेलो. अंगणात माणसं पोती घेऊन बसली होती, सगळ्यांच्या पुढे दीर. "मावशी, त्या दिवशी मी..."

"ते ऱ्हाऊ दे. रांजणात पानी भरलंय. मोरचूद तू मापून टाक, माझ्या हाताला त्याचा अंदाज न्हाई."

मी बाह्या वर केल्या. एवढा मान मला पुढे कुठल्या पदवीनेही मिळाला नाही.