कांदेकाकूंचं बी

माझ्या सासूबाईंना गल्लीत सगळे कांदेकाकू म्हणतात. प्रेमाने म्हणतात, हेच माझं दुखणं. ज्यांच्या तोंडाला या बाईने वर्षानुवर्षं पानं पुसली, तेच लोक वाटेत थांबून त्यांची तब्येत विचारायचे आणि मला म्हणायचे, "नशीब काढलंस हो, असली सासू मिळाली!" मी हसायचे. हसून हसून माझा जबडा दुखायचा.

सासूबाई शर्टाच्या कारखान्यात तपासनीस होत्या. शिवून आलेला शर्ट उजेडात धरायचा, शिवण ताणून बघायची आणि खोट सापडली की नापास म्हणून टोपलीत फेकायचा. नोकरी संपली, पण फेकायची खोड काही गेली नाही. मी घातलेली चादरीची घडी, मी आणलेले पडदे, माझं माहेर, सगळं त्या टोपलीत गेलं. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे हे, तेवढे कसेबसे पास झाले, आणि तेही काठावर.

पहिल्या नंबराने पास झाला तो फक्त कांदा. जांभळट, जरा चपटा, मानेला बारीक. पुढचं पीक येईपर्यंत टिकायचा, ना कोंब यायचा ना सड. त्यांच्या आईने लग्नात त्याचं बी दिलं होतं. दुकानात तो मिळत नाही. घरामागे दोन वाफे होते. एकात बी पेरून रोपं आणि रोपांचे कांदे. दुसऱ्यात आदल्या वर्षीचे निवडक कांदे पुन्हा मातीत पुरायचे. त्यांना दांडे फुटायचे, दांड्याच्या टोकाला पांढरा गोंडा यायचा आणि गोंड्यात काळं बी भरायचं. कांद्याचं बी फार हळवं. वर्ष उलटलं की त्यातला जीव जायला लागतो. म्हणून दरवर्षी नवं बी धरायलाच हवं. चुकलं, की त्या कांद्याचा वंश बुडाला.

बियाला ठेवायचे ते कांदे अर्थात सगळ्यात देखणे. उरलेले आम्हाला. जोडकांदे, जाड मानेचे, एका अंगाने मऊ पडलेले. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी तो नामांकित कांदा धड असा कधी खाल्लेला नाही. एकदा एक चांगला चिरला, तर आठवडाभर माझ्याशी अबोला. तो आठवडा फार सुखाचा गेला, हे वेगळं.

कांदे निघाले की सासूबाई घरोघरी एकेक कांदा पाठवायच्या. मुळांची चकती आधी खरडून काढायच्या, कुणी पुरलाच तर रुजू नये म्हणून. लोक खायचे, तोंडभर कौतुक करायचे आणि बी मागायचे. सासूबाई कुणालाही नाही म्हणायच्या नाहीत. कागदाच्या पुड्या बांधून स्वतः नेऊन द्यायच्या. आणि कुणाकडे कधी एक रोप उगवलं नाही.

का उगवलं नाही, ते मला लग्नानंतर थोड्याच दिवसांत कळलं. स्वयंपाकघरात गेले तर या बाई कढईत मंद आचेवर काळं बी परतत होत्या. शेजारी पुड्यांचे कागद कापून ठेवलेले. मी विचारलं, "हे काय?"

"उद्या वाटायचंय."

"भाजून? मेलेलं बी देणार लोकांना?"

"नाही म्हटलं तर लोक तोंड वाकडं करतात. दिलं की गोड राहतात," त्या म्हणाल्या, आणि उलथणं फिरवत राहिल्या. "आणि तू यात पडू नकोस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "अगं, आईचा कांदा आहे तो." जणू त्याने सगळं मिटलं. घर सासूबाईंचं, छप्पर सासूबाईंचं. मी दात-ओठ खाऊन गप्प बसले.

गेल्या वर्षी सासूबाई अंगणात घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. दवाखाना, शस्त्रक्रिया, मग लेकीच्या घरी मुक्काम. कांदे आणि बी जिन्याखालच्या खोलीत, खोलीला कुलूप आणि किल्ली तिकडे सासूबाईंच्या उशाखाली. मी दोनदा मागितली. "दार उघडून वारा तरी देते," म्हटलं.

"मी आल्यावर बघीन. तुझा हात तिथे नको."

मग खोलीतून वास यायला लागला. मी फोन केला. "वास कांद्याचा असतोच," म्हणाल्या. ह्यांना म्हटलं, कुलूप तोडा. हे कुठले आईच्या कुलपाला हात लावणारे! दाराखालून तपकिरी पाणी आलं, तेव्हा मी ते पुसत राहिले. खोटं कशाला सांगू, पुसताना मला मजाही वाटत होती.

सासूबाई काठी टेकत परत आल्या, किल्ली लावली आणि दारातच थांबल्या. वरच्या फळीवर एक कांदा सडला असेल, त्याने सगळ्यांना सोबत नेलं. सडकं पाणी ठिबकून खालच्या बियाच्या पिशव्या भिजल्या होत्या. बी बुरशीने पांढरंधोप. तरी त्यांनी ते वाळवलं, पेरलं, रोज वाफ्याशी खुर्ची टाकून बसल्या. काही उगवलं नाही. वाफा त्यांच्या तोंडासारखाच कोरडा ठणठणीत राहिला.

मग एका सकाळी म्हणाल्या, "चल, लोकांकडे विचारू. इतक्या जणांना दिलंय. कुणाकडे तरी असेल."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. पण चप्पल घातली. हा तमाशा मला चुकवायचा नव्हता.

पहिल्या घरी बेकरीवाले म्हणाले, "काकू, तुमच्यासारखा हात कुठून आणू?" दुसऱ्या घरी मास्तरीणबाईंनी उलट यांचीच माफी मागितली. तिसरं दार समोरच्या शिवणवाल्या ताईंचं. ताई एकट्या राहतात. त्यांनी आम्हाला खिडकीपाशी नेलं. लाकडी खोक्यांत माती भरून ठेवलेली, नुकतीच शिंपलेली.

"दरवर्षी पेरते हो. या वेळचंही गेलं, तरी पाणी घालते, वाटतं उशिरा येईल," ताई म्हणाल्या. "माझ्या हाताला यशच नाही. काकू, तुम्हीच सांगा, माझं चुकतं कुठे?"

सासूबाईंनी चिमूटभर माती उचलली, उजेडात धरली आणि म्हणाल्या, "माती बरोबर नाही तुमची."

माझं डोकं सणकलं. "माती चांगली आहे, ताई," मी म्हटलं. "बी भाजलेलं होतं. यांनी कढईत भाजून दिलं."

ताईंनी सासूबाईंकडे पाहिलं. "खरं का, काकू?"

"सगळ्यांनाच तसं दिलंय," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हाला एकट्यांना नाही."

ताई दाराशी गेल्या. दार उघडून धरलं, आम्ही बाहेर पडलो, मग लावून घेतलं.

रस्त्यात सासूबाई काठी टेकून थांबल्या. मला वाटलं, आता रडतील, निदान शिव्या तरी देतील. त्या पुढच्या दाराकडे वळल्या.

"आता कुठे?" मी विचारलं. "तिथलं बीही तुम्हीच दिलेलं ना?"

"मीच."

"आणि भाजूनच ना?"

"एखाद्या वर्षी घाई झाली असेल माझी," त्या म्हणाल्या. "एखादी पुडी कच्ची राहिली असेल गं." आणि त्यांनी दार वाजवलं.