अनादीची करंगळी

नळणीकर मास्तरांनी कचरूआबांना फसवलं. पैशात नव्हे. पैशात फसवलं असतं तर मी ते भोकरदनच्या बाजारात, चार माणसांदेखत वसूल करून दिलं असतं. मास्तरांनी आबांचा हात उचलला, तो आपल्या गोष्टीतल्या एका देवाला लावला, आणि शेवटी त्या देवाला लबाड ठरवलं. मास्तर लिहिणारे, आबांना अक्षरओळख नाही. म्हणून हे मला लिहावं लागतं आहे.

तुमच्या घरात वाचणारी मुलं असतील तर अनादी तुम्हाला ठाऊक असेल. मुलांच्या एका मासिकात त्याच्या गोष्टी कित्येक वर्षं येत होत्या, मग त्यांची पुस्तकं निघाली. ताऱ्यांच्या पलीकडून आलेला, आभाळाएवढा, तोंड नसलेला अनादी. खांद्यावर काळं उपरणं आणि त्या उपरण्याच्या घड्यांत सगळी नक्षत्रं. त्यानं एक बोट उचललं की ग्रह जागच्या जागी थांबतो, दोन उचलली की चालू लागतो. विजू, सुमन आणि बाळ ही तीन मुलं त्याच्या उपरण्याखाली हात घालतात, तो त्यांची बोटं दाबतो आणि त्यांना हवं ते कळतं. एवढा शक्तिमान, पण मुलांचा रुकार घेतल्याशिवाय काडी हलवत नाही. पुढं धोका असला तर आपली करंगळी मुडपतो.

हा अनादी मी हाताच्या अंतरावरून पाहिला आहे. तो केदारखेड्याहून चालत यायचा, गुरांच्या बाजारात दलाली करायचा आणि त्याला चहा बशीत ओतून लागायचा.

ज्यांनी गुरांचा बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल उपरण्याखाली एकदा विकणाऱ्याचा हात धरतो, एकदा घेणाऱ्याचा. कोणती बोटं दाबली त्यावरून आकडा कळतो. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी त्यांना काही समजत नाही. ही रीत सगळ्यांचीच. पण आबांच्या दोन गोष्टी त्यांच्या एकट्याच्या होत्या. एक, बाजाराच्या दिवशी पहिला सौदा होईपर्यंत ते तोंडातून शब्द काढत नसत. कुणी रामराम केला तर मान हलवत. दुसरी त्यांची करंगळी. जनावरात खोड असली तर आकडा सांगून झाल्यावर ते घेणाऱ्याच्या तळहातावर आपली करंगळी मुडपून टेकवत. म्हणजे, सांभाळून घ्या. खोड नसली तर करंगळी सरळ टेकवत. दलाली विकणाऱ्याकडून मिळायची, तरी हे चुकायचं नाही.

"आबा, असं करून तुमी सोताच्या पोटावर पाय देऊन राह्यले," मी एकदा म्हणालो.

"इकणारा खोड सांगत न्हाई," आबा म्हणाले. "बैलाला सांगता येत न्हाई. मंग सांगायचं कोनी, सर्ज्या?"

सर्ज्या म्हणजे मी, सर्जेराव. निजामी गेली त्याच्या पुढच्या हंगामात मी या धंद्यात आलो. पाठीशी कुणी नव्हतं, होता तो आवाज. पहिल्याच बाजारात एका व्यापाऱ्याशी माझी अशी जुंपली की गुरं दावणीला ओढ घेऊ लागली. तेवढ्यात कुणीतरी मागून माझ्या मनगटावर उपरणं टाकलं आणि आत माझी बोटं घट्ट धरली. मी वळून पाहिलं. उंच, वाळकुडा म्हातारा, डोळे बैलासारखे शांत. तो माझी मधली बोटं दाबत होता आणि मला काही कळत नव्हतं. शेवटी पहिला सौदा झाला तेव्हा तो बोलला. "सर्जेराव म्हनत्यात का तुला? नाव बी बैलाचंच हाय. हळू बोलत जा. ते बाकीचे ऐकून राह्यले." सगळे हसले. माझा संताप तोंडापर्यंत आला आणि तिथंच विरला. ही करामत त्यानंतर कुणाला जमली नाही.

आबा म्हणायचे, "तोंडाला दात असत्यात, बोटाला बिलकुल न्हाईत. चावंल तर तोंडच चावंल."

नळणीकर मास्तर शाळेवर नवीनच आले होते. घरात तान्हं मूल, म्हणून गाय घ्यायला बाजारात आले. पांढरी, रुपानं देखणी, वासरू पायाशी, अशी एक गाय त्यांच्या मनात भरली. गाय लाथाळ होती. आबांनी मास्तरांचा हात उपरण्याखाली घेतला तसे मास्तर खुदकन हसले.

"अहो आबा, गुदगुल्या होतात! तोंडानं सांगा ना."

आबांनी मान हलवली. पहिला सौदा व्हायचा होता. त्यांनी आकडा सांगितला आणि करंगळी मुडपली. मास्तर आणखी खुलले. आबांनी पुन्हा मुडपली. मास्तर ओरडले, "मान्य! रुकार! सोडा गाय!"

दुसऱ्या दिवशी मास्तर एक काच फुटलेला चष्मा लावून केदारखेड्याला आबांच्या दारात उभे. मीही तिथंच होतो. दूध सांडलं होतं, भांडं चेपलं होतं, मास्तरांच्या गुडघ्याला खुराचा शिक्का होता.

"मी करंगळी मुडपली व्हती, मास्तर," आबा म्हणाले.

"ती खोडीसाठी होती? मला वाटलं, तुम्ही आठ आणे कमी केलेत!"

अंगणातली माणसं पोट धरून हसली. मास्तरही हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी पायात वहाणा घातल्या, मला म्हणाले, "चल, आज तुझ्या आवाजाचं काम हाय." आम्ही त्या विकणाऱ्याच्या गावी गेलो, मी ओरडलो, आबा नुसते उभे राहिले, आणि संध्याकाळच्या आत गाय परत गेली. पुढच्या बाजारी आबांनी मास्तरांना एक गरीब म्हैस मिळवून दिली. मास्तरांचं मूल तिच्या दुधावर वाढलं. हे मी मुद्दाम नोंदवतो.

तेव्हापासून मास्तर दर बाजारी येऊन आबांच्या शेजारी बसू लागले. कोणतं बोट म्हणजे काय, कसं धरायचं, किती दाबायचं, सगळं विचारून घेत. आबाही सांगत. त्यांना आनंद होता की शिकलेला माणूस आपली विद्या शिकतो आहे. मग एके दिवशी मास्तरांनी मासिकाचा अंक आणला आणि चहाच्या पालात मोठ्यानं वाचला. अनादी त्या दिवशी पहिल्यांदा भोकरदनात आला.

"म्हंजी मला तोंडच न्हाई?" आबांनी बशी खाली ठेवली. "मंग च्या कुठून प्यायचा?"

"तो तुम्ही नाही आबा, तो ताऱ्यांवरचा आहे."

"आन् आभाळायेवढा? धोतर किती वार लागंल? ते बी लिवा." पाल हसून हसून हललं. पण आबा सुखावले होते. घरी जाताना मला म्हणाले, "सर्ज्या, त्यानं रुकाराचं बराबर लिवलं बघ. देव झाला तरी इचारल्याबिगर करत न्हाई."

पुढची काही वर्षं आबांचं दैव फळफळलं. शाळेतली पोरं बाजारात यायची आणि रांग लावून उपरण्याखाली हात घालायची. "अनादी, मी पास होईन का?" आबा गंभीर चेहऱ्यानं बोट दाबायचे. ज्यानं वर्षभर पाटीला हात लावला नसेल त्याच्या हातावर करंगळी मुडपायचे. तो पोरगा रडवेला होऊन घरी अभ्यासाला पळायचा. बायका लेकरांना दाखवायच्या, "त्यो बघ, ताऱ्यावरचा." भोकरदनच्या बाजारात एका दलालाला असा मान मी ना आधी पाहिला ना नंतर.

मग शेवटचा भाग आला. 'अनादीचा अंत'.

त्यात तीन मुलं अनादीला विचारतात, त्या तांबड्या ताऱ्यावर जाऊन परत येता येईल का? तो तारा मरायला टेकलेला आहे. अनादीला ते ठाऊक आहे. तरी तो करंगळी सरळ ठेवतो. मुलं जातात, भाजून निघतात, स्वतःच्या अकलेनं परततात. मग ती अनादीला त्याच्याच उपरण्यात बांधून अंधारात लोटून देतात.

पुढच्या बाजारी पोरं आली. पण लांब उभी राहिली, हात पाठीमागं धरून. आबांनी एकाला खूण करून बोलावलं, तर तो धूम पळाला. आबांनी मला विचारलं, "काय झालं रं?" मी वाचून दाखवलं. आबांनी स्वतःच्या करंगळीकडं पाहिलं. मग म्हणाले, "सरळ ठिवली? अनादीनं?" जणू ओळखीच्या माणसाबद्दल भलतंच ऐकलं.

आधी थट्टा सुरू झाली. "आबा, आज करंगळी सरळ का वाकडी?" मोठी माणसं हसून विचारायची. थट्टेचा धंद्यावर परिणाम होत नाही असं ज्याला वाटतं त्यानं कधी दलाली केलेली नाही. मग पिंपळगाव रेणुकाईचा एक शेतकरी बैल घेऊन आला. आबांच्या हातून घेतलेला, पुढं पेरणीत पायात काटा मोडून लंगडा झालेला.

"तुमची करंगळी सरळ व्हती!"

"तवा बैल साबूत व्हता, बाबा."

"पुस्तकातला बी असाच व्हता!" तो ओरडला. त्यानं आबांच्या खांद्यावरचं उपरणं ओढलं आणि बैलाच्या पाठीवर टाकलं. "आता उघड्यावर बोला. तोंडानं."

मी त्याच्या अंगावर धावलो होतो. आबांनी मला धरलं. त्यांनी बोलायचा प्रयत्न केला. ज्या माणसानं सारा जन्म भाव बोटांनी सांगितला, तो चारचौघांत आकडा बोलताना अडखळला. लोकांना वाटलं, खोटं बोलतोय. पुढच्या बाजारी उपरण्याखाली हात द्यायला कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या बाजारी आबा आले नाहीत.

थंडीत मी त्यांना भेटायला गेलो. अंगणात बाजेवर पडले होते, अंगाची काडी झालेली. मी म्हणालो, मास्तरांना बाजारात खेचून आणतो. ते म्हणाले, "भांडू नको. त्याला समजलं नव्हतं, सर्ज्या. मी त्या दिशी तोंडानं सांगायला पाह्यजे व्हतं. नेम मोडला असता तर काय आभाळ पडलं असतं?" त्या आठवड्यातच ते गेले.

आबांनी माफ केलं. तो त्यांचा अधिकार. मी केलेलं नाही.

मास्तर तोवर बदली होऊन जालन्याला गेले होते. मी बसनं गेलो. त्यांनी खुर्ची दिली, मी बसलो नाही.

"आबा गेले," मी म्हणालो.

"ऐकलं. फार वाईट वाटलं."

"तुमच्यामुळं गेले."

"सर्जेराव, ते वयानं गेले. आणि अनादी म्हणजे आबा नव्हेत. सगळी पात्रं काल्पनिक आहेत, पहिल्याच पानावर छापलंय."

"उपरणं काल्पनिक हाय? रुकार काल्पनिक हाय? करंगळी कुन्या ताऱ्यावरून आणली?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवशी त्यांना माहीत होतं गाय लाथाळ आहे. मी हसत होतो, आणि मला कळलेलं नाही हे त्यांना कळत होतं. एक शब्द, सर्जेराव. एका शब्दानं भागलं असतं. पण त्यांचा नेम मोडला असता. सगळ्या गावानं मला हसून घेतलं. ज्याला सगळं ठाऊक असतं आणि जो बोलत नाही, त्याला मी काय म्हणायचं?"

"गाय परत केली का न्हाई त्यांनी?"

"केली."

"तुमच्या पोरानं त्यांनी दिलेल्या म्हशीचं दूध पिलं का न्हाई?"

"प्यायलं."

"मंग?"

मास्तर गप्प बसले. मी दार आपटून निघालो.

त्यांचं म्हणणं मी येताना बसमध्ये पुन्हा पुन्हा मनात तोललं. सौदा करणाऱ्याला समोरच्याची बाजू तोलावीच लागते. मास्तरांनी लिहिलं असतं की अनादी बोलला नाही आणि मुलांना चटका बसला, तर मी म्हणालो असतो, कडू आहे पण खरं आहे. तसं त्यांनी लिहिलं नाही. त्यांनी लिहिलं, अनादीनं करंगळी सरळ ठेवली. न बोलणं वेगळं, खोटं सांगणं वेगळं. आमच्या बाजारातल्या शेळ्यांच्या दलालालाही हा फरक कळतो. नळणीकर मास्तरांना तो कळत नाही असं मी मानत नाही. त्यांना तो कळत होता, म्हणूनच ही चूक नव्हे. हा फुटलेल्या चष्म्याचा सूड आहे, आणि तो ज्यानं गाय परत नेली त्याच्यावर उगवला आहे.

आबांची नात यमुना केदारखेड्याच्या शाळेत चौथीत आहे. तिच्या शाळेत आता ती पुस्तकं आली आहेत. वर्गातली पोरं तिला लबाड देवाची नात म्हणतात. मागच्या महिन्यात तिनं मला विचारलं, "मामा, आबा लोकांना खोटं सांगायचे का?" मी म्हणालो, कधीच नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "पण ते छापलंय."

तिचं बरोबर आहे. माझ्या तोंडी शब्दाची छापलेल्यासमोर काय पत? तेव्हा मास्तर, ज्या मासिकात ते छापलं त्याच मासिकात तुमच्या नावानं लिहा की तो हात कुणाचा होता आणि त्या हातानं तुम्हाला काय सांगितलं होतं. मग केदारखेड्याला या. मी विचारलं तेव्हा तुम्ही गप्प बसलात. आता ती विचारते आहे. तिला उत्तर द्या.