झेंडूचा हार आणि डोलकाठी

गेल्या दसऱ्याला सकाळी, वाहनांच्या पूजेच्या वेळी, येरमाळ्यात स्टँडसमोर पंक्चर काढणाऱ्या एका काकांवर अन्याय झाला. मी तिथं पत्रकं वाटत होतो. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही.

काकांनी फावल्या वेळात आंब्याच्या पेट्यांच्या फळ्यांतून शिडाचं जहाज घडवलं होतं. पूजेसाठी ट्रॅक्टर, दुचाक्या रांगेत लागल्या, तेव्हा गल्लीनं जहाजही उचलून रांगेत ठेवलं. वाहन म्हटल्यावर हार आलाच. ओल्या झेंडूचा जाडजूड हार डोलकाठीवर पडला आणि डोलकाठी मधोमध मोडली.

मी भडकलो. "कुणी घातला हार?"

काका एक डोळा मिटून मोडलेलं टोक निरखत होते. "बस की, लेका," ते म्हणाले. "इतकी वर्सं 'काका, समुद्र कुठंय?' म्हणून लई हसले, तवा काय मोडलं न्हाय. आज मान दिला, तर मोडलं."

मग त्यांनी तो हार सोडवून शेजारच्या ट्रॅक्टरला घातला आणि डोलकाठीला दोरा गुंडाळायला बसले.

ते शांत होते, मी अजून नाही. तुमच्या गल्लीत कुणी असं काही घडवत बसलं असेल, तर हार घेऊन धावू नका. आधी शेजारी बसा आणि हात लावू का, ते विचारा.